सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई



नाणेसंग्राहकांच्या जगात काही नाण्यांना दंतकथेचे वलय लाभलेले असते. अमेरिकेच्या टाकसाळीत 1933 साली वीस डॉलर किमतीची 4,45,500 सोन्याची नाणी पाडण्यात आली. ‘डबल ईगल’ या नावाने ती ओळखली जातात. त्याच वर्षी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सुवर्णनाण्यांचे चलन बंद केले आणि ही नाणी वितळवून टाकण्याचा आदेश निघाला. त्यातून निसटलेल्या मोजक्या नाण्यांपैकी, खाजगी मालकीला कायद्याची मान्यता असलेले एक नाणे 2021 साली सुमारे एक कोटी एकोणनव्वद लाख डॉलरला विकले गेले. आपल्याकडे बादशहा जहांगीराने 1613 साली आग्र्यात पाडून घेतलेली एक हजार तोळ्यांची मोहर अशीच प्रसिद्ध आहे. सुमारे बारा किलो वजनाची ही मोहर 1987 साली जिनिव्हातील एका लिलावात प्रकटली, तेव्हा जगभरच्या जाणकारांचे डोळे विस्फारले.

परंतु महाराष्ट्रातील संग्राहकाला विचारावे, की आयुष्यात एकदा तरी कोणते नाणे तळहातावर घेऊन पाहावेसे वाटते, तर तो बारा किलोच्या मोहरेचे नाव घेणार नाही. जेमतेम तीन ग्रॅम वजनाचे, करंगळीच्या नखाहून थोडेसेच मोठे असे एक सुवर्णनाणे त्याच्या स्वप्नात असते. ते नाणे म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांचा होन.

या होनाच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ अशी तीन ओळींत आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ अशी दोन ओळींत अक्षरे आहेत. भोवती बारीक ठिपक्यांचे वर्तुळ. चित्र नाही, सन नाही, टाकसाळीचे नाव नाही, बिरुदांची माळ नाही. फारसी लेख आणि हिजरी सन यांनी भरलेल्या तत्कालीन नाण्यांच्या गर्दीत देवनागरीतील ही मोजकी अक्षरे किती वेगळी दिसत असतील, याची कल्पना करता येते. ज्या राजाने आपल्या मुद्रेसाठी संस्कृत श्लोक निवडला आणि राज्यव्यवहारातील फारसी शब्दांना पर्याय देणारा ‘राजव्यवहारकोश’ सिद्ध करविला, त्याच राजाच्या दृष्टीची ही सुवर्णात उमटलेली खूण आहे.

नाणे पाडणे ही त्या काळी केवळ व्यापाराची सोय नव्हती, ते सार्वभौमत्वाचे लक्षण होते. 6 जून 1674 रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि महाराज छत्रपती झाले. होनावरील ‘छत्रपति’ हे पद त्या घटनेची साक्ष देते. त्या सोहळ्यास मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन उपस्थित होता. महाराजांच्या सुवर्णतुलेत सुमारे सोळा हजार होन लागल्याची नोंद इंग्रजी वृत्तान्तात सापडते. मात्र तुलेच्या पारड्यात पडलेले सारे होन शिवराईच होते, असे समजण्याचे कारण नाही. त्या काळी दक्षिणेत अनेक राजवटींचे होन एकाच वेळी चालत. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत महाराजांच्या खजिन्यातील नाण्यांची जी यादी दिली आहे, तीत देवराई आणि अच्युतराई या होनांची नावे आहेत. हे देवराय आणि अच्युतराय म्हणजे विजयनगरचे सम्राट. 1565 साली विजयनगरचा पाडाव झाल्यावर शतक उलटून गेले, तरी त्या सम्राटांच्या नावाचे सोने दक्षिणेत खणखणत होते. त्या परंपरेच्या शेजारी ‘राजा शिव’ या नावाचा होन येऊन बसला, याचा अर्थ त्या काळच्या माणसाला समजावून सांगावा लागला नसेल.

ऑक्झेंडनच्या वकिलातीतील आणखी एक प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. इंग्रजांनी जो तहाचा मसुदा आणला होता, त्यात त्यांचे नाणे महाराजांच्या राज्यात चालावे असे एक कलम होते. महाराजांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, कोणत्याही नाण्याला मनाई करण्याचे कारण नाही, परंतु ज्या नाण्यात रयतेला तोटा येईल, ते घेण्याची सक्तीही तिच्यावर करता येणार नाही. इंग्रजांचे नाणे कसाला आणि वजनाला इतर राजांच्या नाण्यांच्या बरोबरीचे असेल, तर ते आपोआप चालेल. अर्थशास्त्राचा कोणताही ग्रंथ समोर न ठेवता दिलेले हे उत्तर आहे. सराफाच्या पेढीवर बट्टा कोणाला बसतो, हे या राजाला पुरते ठाऊक होते. नाण्याचा मान राजाज्ञेपेक्षा त्याच्या खरेपणातून येतो आणि त्या खरेपणाची झळ अथवा लाभ शेवटी सामान्य माणसाच्या पदरी पडतो, हे त्या उत्तराचे सार आहे.

असा हा होन इतका दुर्मिळ का व्हावा? राज्याभिषेकाच्या निमित्ताने तो मर्यादित संख्येने पाडला गेला असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. परंतु त्याहून मोठे कारण सोन्याच्या स्वभावात आहे. 1689 साली रायगड मोगलांच्या हाती पडला आणि तेथील संपत्तीही त्यांच्याकडे गेली. विजेत्याच्या दृष्टीने पराजिताचे सुवर्णनाणे म्हणजे फक्त सोने. ते वितळते आणि नव्या नावाचा ठसा घेऊन पुन्हा बाजारात उतरते. जे राजसत्तेच्या तावडीतून सुटते, ते सोनाराच्या मुशीत जाते. लग्नकार्य, दुष्काळ, आजारपण अशा प्रसंगी घरातील सोने मोडले जाते आणि त्यावर कोणाचे नाव आहे, हे कोणी वाचत बसत नाही. म्हणूनच आज शंकेला जागा नसलेले फारच थोडे होन जाणकारांना ठाऊक आहेत.

येथवरची कथा दुर्मिळतेची झाली. परंतु या होनाला एक धाकटे भावंड आहे आणि खरी नवलाची कथा त्याची आहे. होनावरील तीच अक्षरे, ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्र पति’, तांब्याच्या पैशावरही उमटली. लोकांनी त्या पैशाला ‘शिवराई’ म्हटले. राजाच्या नावाने ओळखला जाणारा पैसा बाजारहाट करणाऱ्या बाईच्या कनवटीला, शेतकऱ्याच्या मुंडाशाच्या गाठीला आणि भिक्षेकऱ्याच्या झोळीत जाऊन पोहोचला.

महाराजांच्या निधनानंतर ही शिवराई थांबली नाही. पुढे मराठ्यांचे राज्य अटकेपर्यंत गेले, कारभार पेशव्यांच्या हाती आला, अनेक टाकसाळी निघाल्या. त्या टाकसाळींतील चांदीच्या रुपयांकडे पाहिले, तर एक विलक्षण गोष्ट ध्यानी येते. पुण्याचा अंकुशी रुपया असो वा चांदवडचा, त्यावर नाव दिल्लीच्या बादशहाचे आहे. दूरदूरच्या बाजारपेठांत तो रुपया चालावा, ही त्यामागील व्यावहारिक गरज होती. तांब्याचा पैसा मात्र घरचा होता. त्यावर महाराजांचेच नाव राहिले. बादशहाचे नाव व्यापाऱ्याच्या थैलीत आणि शिवरायांचे नाव रयतेच्या मुठीत, अशी ती वाटणी होती. दोन ओळींच्या मध्ये दुहेरी दांडी असलेली उत्तरकालीन ‘दुदांडी शिवराई’ याच परंपरेतील. 1818 साली पेशवाई संपली, 1835 साली कंपनी सरकारने सर्वत्र एकाच प्रकारचा रुपया आणला, तरी त्यानंतर कित्येक वर्षे महाराष्ट्राच्या बाजारात शिवराई हातोहात फिरत होती. सिंहासन गेले, टाकसाळ बंद झाली, तरी नाव चालत राहिले. राजाचा खजिना गडावर होता, तो लुटला गेला. नाव मात्र लोकांजवळ होते, म्हणून ते टिकले.

या शिवरायांचा अभ्यास आरंभीच्या काळात ज्यांनी मनापासून केला, त्यांत जस्टिन ॲबट हे अमेरिकन मिशनरी होते. मराठी संतांची चरित्रे इंग्रजीत नेणारे हेच ॲबट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी बाजारात सहज मिळणाऱ्या हजारो शिवराया तपासून अक्षरांच्या वळणांतील आणि चिन्हांतील भेद नोंदवले. त्यानंतर जवळजवळ शतकाने, 1989 साली, के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा मराठ्यांच्या टाकसाळी व नाणी यांवरील इंग्रजी ग्रंथ नाशिकजवळील अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेने प्रसिद्ध केला. एकट्या नाण्याला फारसे बोलता येत नाही. हजार नाणी शेजारी मांडली, की ठसा कोरणाऱ्याचा हात, टाकसाळीची रीत आणि काळाचा क्रम उलगडू लागतो. संग्राहकाला एका होनाचे स्वप्न पडते, परंतु इतिहास त्या हजार शिवरायांतून लिहिला जातो.

म्हणून या विषयातील कर्तव्य श्रीमंत संग्राहकापेक्षा सामान्य कुटुंबाशी अधिक निगडित आहे. आजही महाराष्ट्रातील अनेक घरांत, देवघराच्या डबीत वा आजीच्या पेटीत, काळवंडलेला एखादा जाड पैसा असतो. सणावारी कलशात सुपारीबरोबर तो सोडला जातो. पूजेची भांडी घासताना चिंच आणि मीठ लावून तोही लख्ख केला जातो. भक्तिभावाने केलेल्या या घासण्यात वर्षानुवर्षे अक्षरे झिजतात आणि एके दिवशी गुळगुळीत चकती तेवढी उरते. तांब्यावर कालमानाने चढलेला काळपट वा हिरवट थर हा त्या नाण्याचे वय सांगणारा दाखला आहे, तो मळ समजून खरवडू नये. मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसावी, कागदात स्वतंत्र गुंडाळून ठेवावे आणि ते घरात कोठून आले हे ठाऊक असल्यास चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे. गावाचे नाव हरवले, की नाण्याची निम्मी साक्ष हरवते. मोडीच्या दुकानात तर ते कदापि जाऊ नये, कारण तेथे इतिहासाचे मोल तांब्याच्या भावाने होते.

दुसरी सावधगिरी नकली नाण्यांबाबत. महाराजांविषयीच्या श्रद्धेचा बाजार मांडणारे कमी नाहीत. अस्सल होन आणि शिवराई ठशावर हातोड्याचा घाव घालून पाडलेली असते. ठसा मोठा आणि चकती लहान असल्याने पुष्कळदा सारी अक्षरे तिच्यावर मावलेली नसतात. याउलट, साच्यात ओतलेल्या बनावट नाण्याच्या पृष्ठावर बारीक छिद्रे आणि कडेला जोडाची रेघ आढळते. स्वस्तात होन देऊ करणाऱ्यापासून दूर राहावे आणि जाणकाराला दाखविल्यावाचून व्यवहार करू नये.

तिसरी गोष्ट कायद्याची. 1878 च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. विहीर खणताना वा जुना वाडा पाडताना मडके सापडले, तर त्यातील नाणी वाटून घेण्याचा मोह होतो. परंतु मडके जसेच्या तसे राहिले, तर त्यात कोणती नाणी एकत्र होती, यावरून ते कधी आणि कोणत्या धामधुमीत पुरले गेले, याचा अंदाज बांधता येतो. वाटणी झाली, की हा पुरावा कायमचा नष्ट होतो.

शिवरायांचा होन फार थोड्यांच्या नशिबी असतो आणि त्यात खंत करण्यासारखे काही नाही. परंतु जुनी शिवराई अजूनही पुष्कळांच्या घरी असू शकते. ती मुलांच्या तळहातावर ठेवावी, त्यांना बोटाने अक्षरे लावून वाचावयास सांगावी. ‘श्री राजा शिव’ ही झिजलेली अक्षरे ज्या मुलाने स्वतः वाचली, त्याला पुढे त्या राजाचा इतिहास मुद्दाम शिकविण्याची वेळ येणार नाही, तो स्वतःच विचारू लागेल.