बिलात नसलेली ओळ

रिवाजाप्रमाणे अध्यक्षानं व्यवसायाचा आढावा घ्यायचा असतो, तो घेतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स लागू झालं आणि लहान गॅरेजचंही स्कॅनरवाचून पान हलेनासं झालं. त्याआधी २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर एएमटी सामान्य माणसाच्या गाडीत येऊन पोहोचला होता. आता बॅटरीच्या गाड्या दारात उभ्या आहेत. या तिन्हींवर स्वतंत्र सत्रं ठेवली आहेत आणि तिथले वक्ते माझ्याहून जाणकार आहेत. आढावा संपला. हे व्यासपीठ मिळालंच आहे, तर बरीच वर्षं मनात साठलेलं एकच गाऱ्हाणं मांडतो. विषय आहे जड झालेलं क्लच पेडल.

पुढच्या रांगेत काही जण हसले. हसण्यासारखंच आहे, कारण या विषयात बोलायला काही उरलेलं नाही अशी आपली समजूत आहे. गिऱ्हाईक येतं, ‘क्लच हार्ड झालाय’ म्हणतं. आपण सीटवर बसतो, पेडल दोनदा दाबतो, किलोमीटरच्या आकड्यावर नजर टाकतो आणि सांगून मोकळे होतो, ‘सेट टाकावा लागेल.’ क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, तिन्ही नवीन. गिअरबॉक्स उतरतो, दिवस जातो, काही हजारांचं बिल होतं. पेडल हलकं झालं तर आपलं निदान बरोबर ठरतं. हलकं झालं नाही तर ‘नवीन आहे, थोडी चालवा, सेट होईल’ हे वाक्य तयारच असतं. माझं म्हणणं असं, की पेडल नुसतं दाबून हे निदान होऊच शकत नाही. ते कुणाला जमत असेल तर त्याच्या पायात जादू आहे असं नाही, त्याचा अंदाज जास्त वेळा लागतो इतकंच.

हिशेब करून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतो, कुठल्या एका गाडीचे नाहीत. डायफ्रामची बोटं दाबायला रिलीज बेअरिंगवर १२० किलोचा जोर लागतो असं धरा. पेडलची तरफ पाच पट आणि फोर्कची दोन पट, म्हणजे जोर दहा पटींनी कमी होऊन पायाशी १२ किलो यायला हवेत. पण वाटेत घर्षण आहे. चांगल्या केबलमधून ८० टक्के जोर पलीकडे पोहोचतो असं मानलं, तर पायाला १५ किलो लावावे लागतात. आता तीच केबल आतून खराब झाली आणि ६० टक्केच जोर पोहोचू लागला, तर पाय २० किलो देतो. सेट मात्र जसाच्या तसा, ठणठणीत. दुसरी गाडी घ्या. तिची केबल चांगली आहे, पण प्लेट झिजल्यामुळे बेअरिंगवरचा जोर १५० किलोवर गेला आहे. तिथे पायाशी पावणेएकोणीस किलो येतात. एकीकडे वीस, दुसरीकडे पावणेएकोणीस. एकीचं दुखणं केबल बदलून जाईल, दुसरीचा गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि हा सवा किलोचा फरक ओळखतो असं सांगणाऱ्या पायावर आपण गिऱ्हाइकाचे हजारो रुपये खर्ची घालतो.

प्लेट झिजल्यावर पेडल हलकं व्हायच्या ऐवजी जड का होतं, हा प्रश्न शिकाऊ पोरं विचारतात आणि त्यांना ‘जुनं झालं की जडच होतं’ असं उत्तर मिळतं. खरं कारण डायफ्रामच्या आकारात आहे. बेलव्हिल नावाच्या फ्रेंच माणसानं १८६७ साली बशीसारख्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं, डायफ्राम त्याच कुळातला. गुंडाळीच्या स्प्रिंगचा जोर दाबावा तसा वाढत जातो. बशीच्या स्प्रिंगचा जोर एका टप्प्यापर्यंत वाढतो आणि त्यापुढे उतरू लागतो. नवी, जाड प्लेट असताना डायफ्राम हा टप्पा ओलांडून पलीकडे, उताराला बसलेला असतो. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, डायफ्रामची बोटं बेअरिंगच्या दिशेनं बाहेर येतात आणि स्प्रिंग थोडी सैल होऊन पुन्हा चढाच्या माथ्याकडे जाते. सैल होऊन जोर वाढतो, म्हणून हे पटकन पटत नाही. ही वाढ भरून काढायलाच नव्वदच्या दशकात झिजेप्रमाणे स्वतःला जुळवून घेणारे क्लच निघाले. आणि ही वाढ फार हळू होते. रोज चालवणाऱ्याला ती कळतच नाही. एखाद्या दिवशी मेव्हणा गाडी घेऊन जातो आणि परत आल्यावर ‘पाय मोडला’ म्हणतो, तेव्हा तक्रार जन्माला येते.

मग ओळखायचं कसं? पेडल दाबताना नाही, सोडताना बघा. घर्षण दोन्ही वेळा आपला वाटा काढून घेतं. खराब केबलच्या गाडीत जाताना २० किलो लागतात, पण परत येताना बारातले सातच किलो पायाला जाणवतात, कारण स्प्रिंगचा परतीचा जोरही केबल खाते. पेडल दाबायला जड आणि वर यायला आळशी. झिजलेल्या सेटच्या गाडीत जाताना पावणेएकोणीस आणि येताना बारा. पेडल दाबायला जड आणि वर येतानाही पाय ढकलणारं. दाबाचे आकडे सारखे, परतीच्या आकड्यांत दीडपटीहून जास्त फरक. दाबाचा साधा गेज पेडलवर धरला तर हे आकडे दोन मिनिटांत वहीत येतात. गेज नसेल तर पेडल हळूहळू सोडून बघितलं तरी आळशीपणा कळतो. पण आपण दाबतो, मान हलवतो आणि पाय काढून घेतो.

यानंतर बॉनेट उघडून करायचं काम अर्ध्या तासाचं आहे. केबलची गाडी असेल तर फोर्कच्या बाजूचा नट सोडून केबल मोकळी करा आणि पेडल दाबा. अजूनही अडकत असेल तर दोष वरच्या बाजूला आहे: पेडलचा बुश सुकला आहे, केबलचं आतलं प्लास्टिक फाटलं आहे, तारेचा एखादा धागा तुटून आत रुतला आहे, किंवा मागच्या कुणीतरी केबल चुकीच्या वाटेनं नेल्यामुळे ती एग्झॉस्टला चिकटून वितळली आहे. काही गाड्यांत पेडलला मदत करणारी स्प्रिंग असते, ती निसटली तरी पेडल जड होतं. पेडल मोकळं निघालं तर बाहेरचा रिलीज आर्म हातानं हलवा. त्याच्या मोकळ्या चालीत तो खरखरत असेल, तर शाफ्टच्या बुशात गंज आहे. पावसाळाभर दारात उभ्या राहिलेल्या कोकणातल्या गाड्यांत हे हमखास सापडतं. इथपर्यंत सगळं नीट असेल तरच गिअरबॉक्सकडे बघायचं. हायड्रॉलिक गाडीचा क्रम वेगळा आहे, पण तत्त्व तेच. तिथे एक गोष्ट ठासून सांगतो: लाइनमध्ये हवा असेल तर पेडल मऊ होतं, जड होत नाही. तरीही जड पेडलच्या गाडीची हवा काढून मजुरी घेतली जाते. आतून सुजलेला होज, अडकलेला सिलिंडर किंवा डॉट फ्लुइडच्या जागी कुणी घातलेलं साधं ऑइल आणि त्यानं फुगलेली रबरं, ही तिथली खरी कारणं असतात.

सकाळी चहाच्या वेळी केबलला तेल घालावं की नाही यावर दोन गट पडले होते. जुन्या, आतून नुसत्या लोखंडी वेटोळ्याच्या केबलला तेल लागायचं. आजच्या बहुतेक केबल्सना आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. त्यात तेल घातलं की धूळ धरते आणि महिन्याभरात आत चिखल होतो. अशी केबल जड झाली म्हणजे तिचं आयुष्य संपलं, ती बदलायची. आणि सील असलेलं रिलीज बेअरिंग डिझेलमध्ये धुणाऱ्यांनी कृपया आजपासून ते बंद करावं. आतलं ग्रीस धुऊन टाकण्यापलीकडे त्यातून काही साधत नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप वजनदार आहे: गाडी भरपूर चालली असेल तर प्लेट आज ना उद्या जाणारच, मग गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा कशाला? तपासणीत झीज दिसली तर हा मुद्दा मला मान्य आहे, आणि गिअरबॉक्स उतरवलाच तर बेअरिंग जुनं ठेवणं हा वेडेपणा आहे. पण हा युक्तिवाद उलट दिशेनंही चालतो, आणि तिकडे आपण बघत नाही. झिजलेला सेट केबलवर जादा ताण टाकतो. वर्षात दोनदा केबल तुटणाऱ्या गाडीत केबलचा दोष नसतो, तिच्यामागे सेट असतो. म्हणजे ‘आधी केबल टाकून बघू’ हा स्वस्त अंदाजही अंदाजच. मी केबलचा वकील म्हणून उभा नाही. सेट म्हणा, केबल म्हणा, पण बघून म्हणा. शिवाय पुण्या-मुंबईच्या गर्दीत अर्ध्या क्लचवर गाडी सरकवणारे आणि घाटात पेडलवर पाय ठेवून चढणारे प्लेट वीस-तीस हजारांत संपवतात, तर हमरस्त्यावर चालणारी गाडी लाखाच्या पुढे तीच प्लेट वापरते. किलोमीटरचा आकडा वय सांगतो, झीज सांगत नाही.

दुसरा आक्षेप तरुण मित्रांचा: स्कॅनर आहे, पुढे पेडलच राहणार नाही, मग हा जुना विषय कशाला? पेडल किती जड आहे हे सांगणारा सेन्सर आपल्या नेहमीच्या गाड्यांत नाही. पेडल दाबलं की नाही एवढं सांगणारा स्विच असतो, त्यामुळे स्कॅनर लावला तरी पाटी कोरीच. आणि एएमटीत गायब झालं ते पेडल, क्लच नव्हे. तीच प्लेट, तोच डायफ्राम, पायाच्या जागी ॲक्च्युएटर. प्लेट झिजली की जोर तिथेही वाढतोच, फक्त तक्रार करायला गुडघा नसतो. तेव्हा ॲक्च्युएटर बदलण्याआधी तरी हा विषय आठवावा.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि माझं गाऱ्हाणं तिथेच आहे. ‘साहेब, एवढं बघायला वेळ कोण देणार, आणि त्याचे पैसे कोण देणार?’ बरोबर. आपल्या बिलात पार्टची ओळ असते, पार्ट बसवण्याच्या मजुरीची असते, तपासणीची ओळच नसते. अर्धा तास बॉनेटखाली घालवून केबलचा नट नीट लावून दिला, तर गिऱ्हाईक पन्नास रुपये हातावर ठेवून ‘एवढंच होतं ना’ म्हणतं. तोच माणूस सेटचे हजारो रुपये घासाघीस करून का होईना देतो. म्हणजे ज्याला नेमका दोष सापडतो त्याचं नुकसान आणि ज्याला सापडत नाही त्याचा फायदा, अशी रचना आपण स्वतः करून ठेवली आहे. यात कुणी लबाड आहे असं मी म्हणत नाही. सरळ माणूसही या बिलाच्या नमुन्यावर धंदा करत राहिला तर पाच वर्षांत बघायचं विसरतो. डॉक्टर गोळी दिली नाही तरी तपासणीची फी घेतो आणि आपण ती निमूट देतो. ‘शेजारचा फुकट बघतो’ हे उत्तर मला माहीत आहे. शेजारचा फुकट बघत नाही, तो न बघता सांगतो. हा फरक गिऱ्हाइकाला कागदावर दाखवता येतो: दाबताना इतके किलो, सोडताना इतके, केबल मोकळी करून इतके. तीन आकड्यांचा कागद हातात दिला, की पैसे कशाचे हे वेगळं सांगावं लागत नाही.

संघटनेनं या वर्षात बिलाचा एक नमुना छापावा, त्यात ‘तपासणी’ ही स्वतंत्र ओळ असावी. ठणठणीत गाड्यांचे पेडलचे आकडे मॉडेलवार जमवण्याचं कामही कुणीतरी हाती घ्यावं. आयटीआयच्या दोन वर्षांच्या मोटार मेकॅनिक ट्रेडमधल्या मुलांना त्यात घेता येईल. तपशील कार्यकारिणीनं ठरवावेत. दराबद्दल वाद होईल, होऊ दे. माझा आग्रह एकाच बाबतीत आहे. तपासणीनंतर सेटच बदलायचा निघाला, तरी ती रक्कम बिलातून वजा करू नये. ‘काम आमच्याकडे केलंत तर तपासणी माफ’ अशी पाटी जो लावेल, तो पुन्हा सेट विकायला बसला असं समजावं. हा ठराव दुपारच्या सत्रात मतदानाला टाकावा आणि विरोधात असलेल्यांनी आधी बोलावं.