हिवताप परत का येतो?



नागपूर महसूल विभागाच्या नकाशावर आग्नेय टोकाला भामरागड आणि एटापल्ली हे तालुके आहेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा हा भाग. राज्यातील हिवतापाच्या रुग्णांत या एका जिल्ह्याचा वाटा वर्षानुवर्षे फार मोठा राहिला आहे, आणि त्याची सर्वांत जबर किंमत माडिया-गोंड वस्त्यांतील लहान मुले मोजत आली आहेत.

फॅल्सिपेरम जातीच्या जंतूची लागण झाली आणि वेळीच औषध मिळाले नाही, तर ताप भरल्यापासून एक-दोन दिवसांत मूल बेशुद्धीत जाऊ शकते. मोठ्या माणसांना वारंवारच्या लागणीमुळे थोडीबहुत प्रतिकारशक्ती येते. ती कामावर हिंडतात-फिरतात, परंतु जंतू त्यांच्या रक्तात असतोच. म्हणजे एका मुलाला वाचवायचे तर सबंध गावाकडे पाहावे लागते. शेजारच्या घरात फवारणी झाली, तर तिचा लाभ या घरालाही होतो. परंतु त्याचे बिल कोणाच्या नावे फाडायचे, याचे उत्तर बाजारापाशी नाही. हा खर्च समाजानेच, म्हणजे शासनानेच करावयाचा असतो.

शासनाने तो एकदा केलाही होता. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज आहे. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली त्याला निर्मूलनाचे रूप आले, आणि १९६५ साली रुग्णसंख्या सुमारे एक लाखावर उतरली. मग पहारा ढिला पडला. डासांना डीडीटीची सवय झाली, १९७३ च्या तेलसंकटानंतर कीटकनाशके महागली, आणि खेड्यांतील देखरेख तयारी नसलेल्या आरोग्ययंत्रणेच्या गळ्यात पडली. १९७६ साली रुग्ण चौसष्ट लाखांवर गेले. यात नशिबाचा भाग थोडा, अंदाजपत्रकाचा मोठा.

आदिवासी पुजाऱ्याकडे जातात, दवाखान्यात येत नाहीत, असे शहरात सहज बोलले जाते. पुजारी गावातच असतो. रक्त तपासणारा मात्र पर्लकोटेला पूर आला की पलीकडच्या तीरावर राहतो. १९७३ साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला. आरंभी लोक बिचकले. उपचारांचा गुण दिसू लागला तशी दुरून पायी चालत येऊ लागली.

आज साधने पूर्वीपेक्षा चांगली आहेत. बोटातील थेंबभर रक्ताची पट्टीवर मिनिटांत तपासणी होते, आर्टेमिसिनिनयुक्त गोळ्या आहेत, कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या आहेत. जगात हिवतापाने मरणाऱ्यांत बहुसंख्य आफ्रिकेतील पाच वर्षांखालील मुले असतात. त्यांच्यासाठी २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेली आर-२१ ही लस पुण्यात तयार होते. तिची गडचिरोलीत गरज आहे का, हे तज्ज्ञांनी ठरवावे. पट्टी आणि गोळी यांच्याबाबत मात्र कोणाच्याही अहवालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

केंद्र सरकारने २०३० पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. आकडे खाली येतील तसतशी पदे रिकामी ठेवण्याची सबब सोपी होत जाते. नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा हिवतापाचा हंगाम उलटून गेलेला असतो. म्हणून कार्यकर्त्यांनी मे महिन्यातच तालुक्याच्या ठिकाणी जावे. प्रत्येक आशा कार्यकर्तीकडे पावसाळाभर पुरतील इतक्या पट्ट्या व गोळ्या पोहोचल्या काय, आश्रमशाळेतील प्रत्येक अंथरुणावर मच्छरदाणी आहे काय, तपासनिसाची जागा भरली काय, हे तेथे लेखी विचारावे आणि लेखी उत्तर घेऊनच परतावे.