तुरुंगातील औषधोपचार आणि ठेकेदारी
(संस्थेच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मी बँकेतला कारकून. मी वकील नाही, डॉक्टर तर नाहीच. परंतु करारनामे आणि हमीपत्रे रोज डोळ्यांखालून जातात. म्हणून अमेरिकेतील तुरुंगांत ठेकेदार कंपन्यांमार्फत दिली जाणारी वैद्यकीय सेवा, हा आजचा विषय मी करार वाचणाऱ्याच्या नजरेने मांडणार आहे.

प्रथम मूळ हक्क पाहू. १९७३ साली टेक्सासच्या तुरुंगात कापसाचा गठ्ठा अंगावर पडून गॅम्बल नावाचा कैदी जखमी झाला. त्याने स्वतःच्या हाताने तक्रार लिहून न्यायालयात धाडली. १९७६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. तो लिहिला न्या. थरगूड मार्शल यांनी. काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळांविरुद्धचा १९५४ चा खटला जिंकणारे हेच ते वकील. पुढे ते त्या न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून केलेले दुर्लक्ष म्हणजे राज्यघटनेने मना केलेली क्रूर शिक्षाच, असे त्यांनी ठरविले. कारण साधे आहे. बाहेरच्या माणसाला एका दवाखान्यात दाद मिळाली नाही तर तो दुसऱ्यात जाईल. कैद्याने कुठे जावे? डॉक्टरांनी अनेकदा तपासले होते, म्हणून गॅम्बलला स्वतःला त्या निकालाचा लाभ झाला नाही. परंतु तत्त्व कायम झाले.

आता खर्चाकडे वळू. तेथील स्थानिक तुरुंग जिल्हा प्रशासन, म्हणजे काउंटी चालविते. त्यांत बहुसंख्य लोक खटला निकाली न निघालेले, आपल्याकडच्या भाषेत कच्चे कैदी असतात. गरिबांसाठीची मेडिकेड ही सरकारी योजना १९६५ पासून आहे. पण माणूस तुरुंगात गेला की, रुग्णालयात दाखल होण्याचा अपवाद सोडता, ती बहुधा पैसे देत नाही. बोजा काउंटीवर येतो. लहान काउंटीला डॉक्टर मिळत नाहीत. अशा वेळी कंपनी येते आणि म्हणते, ठरलेली रक्कम द्या, डॉक्टर, परिचारिका, औषधे सारे आम्ही बघतो.

मित्रांनो, हिशेब येथेच पाहावा. रक्कम ठरलेली असेल तर नफा वाढतो तो खर्च कमी करून. परिचारिकेची जागा रिकामी राहिली, रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठविणे लांबले, तर पैसा वाचतो. सगळेच डॉक्टर तसे वागतात असे मी म्हणत नाही. परंतु कराराची रचनाच त्या दिशेला ढकलते. रॉयटर्स वृत्तसंस्थेने २०२० साली पाचशेहून अधिक तुरुंगांची माहिती तपासली. पाच मोठ्या कंपन्यांकडे सेवा असलेल्या तुरुंगांत २०१६ ते २०१८ या काळात मृत्यूचे प्रमाण सरकारी सेवेच्या तुरुंगांहून जास्त आढळले.

मग जबाबदार कोण? १९८८ साली वेस्ट विरुद्ध अ‍ॅटकिन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ठेक्यावरचा डॉक्टरही राज्याच्याच वतीने काम करतो; काम ठेक्याने दिले म्हणून राज्याचे कर्तव्य सुटत नाही. कायदा चोख आहे. पण वसुलीचे काय? कोरायझन ही मोठी कंपनी २०२२ साली दोन भागांत विभागली गेली आणि देणी ज्या भागाकडे गेली त्याने २०२३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. वेलपाथ ही दुसरी मोठी कंपनी २०२४ च्या नोव्हेंबरात त्याच वाटेने गेली. दावे थांबले. ज्या आईचा मुलगा तुरुंगात गेला, ती बँकेच्या भाषेत विनातारण धनको ठरली. तारण असलेल्यांचे आधी भागते. तिचा नंबर मागे.

मग सरकारने सेवा हाती घेतली की प्रश्न सुटला काय? न्यूयॉर्क शहराने कोरायझनचा ठेका संपवून २०१६ पासून आपल्याच सार्वजनिक रुग्णालयांच्या महामंडळाकडे काम सोपविले. ते योग्यच झाले. परंतु पुढे पहारेकरी गैरहजर राहू लागले, कैद्याला दवाखान्यापर्यंत न्यायला माणूस मिळेना आणि तपासण्या चुकल्या. म्हणजे डॉक्टर चांगला असून भागत नाही. कोठडीचे दार वेळेवर उघडावे लागते.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांत म्हटले आहे की, कैद्यांच्या आरोग्याची जबाबदारी राज्याची आहे आणि समाजाला मिळते त्याच दर्जाची सेवा त्यांना मोफत मिळावी. हे नियम आपल्यालाही लागू पडतात. आपल्या देशातही सुमारे तीन चतुर्थांश कैदी कच्चे आहेत.

विद्यार्थी मित्रांना, विशेषतः कायदा शिकणाऱ्यांना, माझे एवढेच सांगणे आहे. कोणतीही सरकारी सेवा ठेक्याने गेली की कराराची प्रत मागा. जागा रिकामी राहिल्यास दंड किती? रुग्णालयाचा खर्च कोणाच्या माथी? मृत्यू झाल्यास चौकशी कोण करणार? कंपनी बुडाली तर भरपाई कोण देणार? या चार प्रश्नांची उत्तरे ज्या करारात नाहीत, त्यावर कोणी सही करू नये. काम ठेक्याने देता येते, कर्तव्य देता येत नाही.