वावटळीवर टाकलेली चाळण



लोककथा आणि चित्रपट या आपल्या संमेलनाच्या विषयासाठी उद्घाटनाला आम्ही मुद्दाम एक दूरचा, आपल्याकडे फारसा कुणी न पाहिलेला कृष्णधवल चित्रपट निवडला आहे. रोदोल्फो नान्नी यांचा १९५१ सालचा ब्राझीलियन बालपट, ‘ओ सासी’.

सासी म्हणजे ब्राझीलच्या लोककथांतला एका पायाचा, लाल टोपीचा, तोंडात चिलीम धरलेला खोडकर काळा पोरगा. तो वावटळीतून येतो. त्याला पकडायचे तर वावटळीवर चाळण टाकायची, खाली बाटली सरकवायची, तो आत शिरला की बूच घट्ट लावायचे आणि टोपी काढून घ्यायची. त्याची सारी ताकद टोपीत. ही युक्ती पेद्रिन्यो या मुलाला म्हातारे बार्नाबेकाका शिकवतात. पुढे कूका चेटकीण त्याच्या नात्यातल्या बहिणीला पळवते, तेव्हा हाच सासी त्याच्या मदतीला धावतो.

मला या चित्रपटाचे मोल वाटते ते त्याच्या मुळाशी असलेल्या पत्रांमुळे. साओ पाउलोच्या बागांत युरोपीय लोककथांतल्या बुटक्यांचे पुतळे पाहून लेखक मोंतेइरो लोबातो अस्वस्थ झाले. १९१७ साली त्यांनी वर्तमानपत्रातून वाचकांना विचारले, सासीबद्दल तुम्ही काय ऐकले आहे? लोकांनी भरभरून लिहिले. त्या पत्रांचे पुस्तक १९१८ साली निघाले, १९२१ साली मुलांसाठी ‘ओ सासी’ आले आणि तीस वर्षांनी हा चित्रपट. नान्नींचे साहाय्यक होते नेल्सन परेरा दोस सांतोस, पुढे ‘विदास सेकास’ या चित्रपटामुळे जगभर नावाजलेले. संगीत क्लाउदियो सांतोरो यांचे.

लोबातोंच्या लेखनातला वर्णद्वेष मात्र झाकू नये. ज्या काळ्या माणसांनी या कथा जपल्या, त्यांच्याविषयीच त्यांनी अनेकदा हीन शब्द वापरले. ब्राझीलमध्ये यावर आजही वाद चालतो, आणि तो चालायलाच हवा. चित्रपट पाहतानाही आपण हे विसरू नये.

मित्रहो, लोबातोंच्या वाचकांप्रमाणे आपणही लिहावे म्हणून नोंदणीच्या टेबलावर कोऱ्या वह्या ठेवल्या आहेत. आपल्या घरी, वाडीवस्तीवर ऐकलेली एक तरी गोष्ट, सांगणाऱ्याच्या नावागावासह, जाण्यापूर्वी तिथे लिहून द्यावी, ही माझी आपणांस कळकळीची विनंती आहे.