शरीरातील दवंडी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आम्ही वैद्य नव्हे; जन्मभर फळ्यासमोर उभे राहिलेले शिक्षक आहोत. परंतु ज्या रोगाचे नाव आपल्या घरांतून कुजबुजत घेतले जाते, त्या कर्करोगाविषयी जे वाचून समजले ते आपल्यापुढे ठेवणे आम्हांस कर्तव्य वाटते.

आमच्या नात्यातील एका वडीलधाऱ्या बाईंनी स्तनातील गाठ वर्षभर लपविली. नातीचे लग्न जमत होते, एवढेच कारण. पुढे कळल्यावर ‘प्रतिकारशक्ती वाढली की रोग हटेल’ या समजुतीने चार महिने चूर्णे व काढे देण्यात गेले. त्यात आमचाही हात होता. त्या आज हयात नाहीत. आमची समजूत कोठे चुकली, ते सांगतो.

रक्तातील पांढऱ्या पेशी हे शरीराचे रक्षक. पायात काटा मोडला तर त्या नेमक्या तेथेच कशा पोहोचतात? दुखावलेल्या भागातील पेशी सूक्ष्म प्रथिने सोडतात. त्यांस केमोकाइन म्हणतात. ही जणू गावची दवंडीच. मनुष्यशरीरात अशी सुमारे ५० प्रथिने असून, ती ऐकणारे सुमारे २० प्रकारचे ‘कान’ पेशींच्या पृष्ठभागावर असतात. ज्या पेशीस जो कान, तिला तीच दवंडी ऐकू येते. आणि जिकडे आवाज मोठा तिकडे ती सरकते.

कर्करोगाची गाठ हीच दवंडी आपल्या सोयीने पिटविते. सीएक्ससीएल-९ व सीएक्ससीएल-१० ही प्रथिने मारक टी पेशींना बोलावितात. त्या आल्या तर गाठीवर हल्ला होतो. परंतु कित्येक गाठी सीसीएल-२२ सोडून हल्ला आवरणाऱ्या नियामक पेशी जमवितात. सीसीएल-२ सोडून ज्या पेशी बोलावितात, त्यांपासून बनलेल्या भक्षक पेशी पुष्कळदा गाठीला नव्या रक्तवाहिन्या मिळवून देतात. म्हणजे पहारेकरी नाहीत असे नव्हे. ते चोराने बोलाविलेले आहेत! मग नुसती ‘शक्ती वाढवून’ काय साधणार?

१८८९ साली लंडनचे शल्यवैद्य स्टीफन पॅजेट यांनी स्तनकर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांची टिपणे तपासून, रोगाचे बी मानवेल त्या जमिनीतच रुजते, असे मांडले. २००१ साली त्यास एक उत्तर लाभले. स्तनाच्या कर्कपेशींवर सीएक्ससीआर-४ हा कान आढळला, आणि त्याची दवंडी फुप्फुसे, यकृत, अस्थिमज्जा व लसिकाग्रंथी येथे मोठी असल्याचे दिसले. हा रोग पसरतो तो बहुधा याच ठिकाणी.

यावर औषधे निघत आहेत. सीसीआर-४ हा कान असलेल्या पेशींना लक्ष्य करणाऱ्या मोगाम्युलिझुमॅबला एका प्रकारच्या रक्तकर्करोगासाठी जपानने २०१२ साली मान्यता दिली. परंतु मार्ग सरळ नाही. उंदरांवरील एका प्रयोगात सीसीएल-२ रोखणारे औषध थांबविताच रोग अधिक वेगाने पसरला, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. ज्या कामी शास्त्रज्ञ इतके जपून पाऊल टाकतात, तेथे आपण चूर्णाच्या पुडीवर भिस्त ठेवावी काय?

बंधुभगिनींनो, कर्करोग हे पूर्वजन्मीचे पाप नव्हे. तो रुग्णाच्या सहवासाने जडत नाही. आणि बहुतांश कर्करोग आनुवंशिकही नसतात. तेव्हा घरातील आजारावरून सोयरीक मोडणे अन्यायाचे आहे. आपले मंडळ वधूवरांची यादी आस्थेने करते. त्याच आस्थेने रुग्णासोबत इस्पितळात जाणाऱ्या दोन-दोन सभासदांचीही यादी करावी, अशी आमची विनंती आहे. आमचे नाव तीत पहिले लिहावे.

गाठ हाताला लागली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांस दाखवा. शरीरातील दवंडी आपल्या हाती नाही. घरातील मौन मोडणे मात्र आपल्याच हाती आहे. त्या बाईंना हे वेळेवर सांगणारे कोणी भेटले नाही. आपण एकमेकांस सांगू या.

इत्यलम्.