शरीरसंपदा : विद्यार्थ्यांची आणि खेळाडूंची
(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त मालवण येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात मागील पन्नास वर्षांचे स्मरण होते, तसाच पुढील पन्नास वर्षांचा विचारही व्हावा लागतो. ही पुढील वर्षे ज्यांच्या खांद्यावर येणार आहेत, ती मुले-मुली आज या सभागृहात बसली आहेत. त्यांच्या गुणपत्रिका घरोघरी बारकाईने वाचल्या जातात. परंतु त्यांचे खांदे किती भक्कम आहेत, चार जिने चढल्यावर त्यांचा श्वास कितपत फुलतो, याची चौकशी किती घरांत होते? आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम करावा. २०१६ पर्यंतच्या माहितीवर आधारलेल्या पाहणीत जगातील ११ ते १७ वयोगटातील ८० टक्क्यांहून अधिक मुले एवढी हालचाल करीत नाहीत, असे आढळले. हा आकडा केवळ महानगरांचा आहे, अशा समजुतीत राहू नये. मालवणसारख्या लहान गावातही मुलगा शाळेला दुचाकीवरून जातो, तेथून क्लासला जातो, घरी आल्यावर मोबाइल घेऊन बसतो. दहा मिनिटांच्या अंतरावर समुद्र आहे, पण कित्येक आठवड्यांत त्याच्या पायाला वाळू लागलेली नसते.

याचे परिणाम तारुण्यात दिसत नाहीत. म्हणूनच ते फसवे असतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. दिवसभर गादीवर किंवा गल्ल्यावर बसून व्यवसाय करणाऱ्या वर्गाने हे आकडे अधिक गांभीर्याने घ्यावयास हवेत. चाळिशीत लागणाऱ्या आजाराचा पाया अनेकदा चौदाव्या-पंधराव्या वर्षीच्या सवयींत घातला जातो.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. खेळ आणि व्यायाम या एकच गोष्टी नव्हेत. सामन्याच्या आधी पंधरा दिवस मैदानावर धावणे, आणि सामना संपताच वर्षभर बूट कपाटात ठेवणे, याला शरीरसंपदा म्हणता येत नाही. शरीराला तीन गोष्टी लागतात : दम, बळ आणि लवचीकपणा. धावणे, पोहणे, सायकल चालविणे यांनी दम वाढतो. जोर, बैठका, दोरीवर चढणे यांनी बळ येते. आसने आणि ताणाचे व्यायाम यांनी लवचीकपणा टिकतो. तिन्ही गोष्टी थोड्या-थोड्या पण रोज केल्या तर अंगात मुरतात. एकदम पुष्कळ केल्या तर दुखापत होते. विद्यार्थी असो वा खेळाडू, हा नियम दोघांनाही सारखाच लागू आहे.

महाराष्ट्राला ही दृष्टी नवीन नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला आणि आपल्या संस्थानातील शाळांत तो नित्याचा केला. अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंच्या प्रयत्नांतून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची सुरुवात झाली. त्याच मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन येथे ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. १९२४ मध्ये लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधामची स्थापना केली आणि योगाभ्यासाचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेतील उपकरणांनी तपासण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केले. या सर्वांचा आग्रह एकच होता : व्यायाम हा मोजक्या पहिलवानांचा विषय नसून प्रत्येक विद्यार्थ्याच्या दिनक्रमाचा भाग आहे.

आणि मोजक्या गुणवंतांना घडविण्यासाठीही समाजाचे पाठबळ लागते, हे खाशाबा जाधव यांच्या चरित्रावरून कळते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचा हा मुलगा. वडील दादासाहेब स्वतः कुस्तीगीर. घरातच तालमीचे वळण मिळाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा सहावे आले. मातीत कुस्ती खेळलेल्या या तरुणाला तेथे गादीवरील कुस्तीचे नियम नवे होते. परत येऊन त्यांनी चार वर्षे त्या उणिवेवर मेहनत घेतली. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून त्यांना सात हजार रुपये दिले, असे सांगितले जाते. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. पदक एकाच्या गळ्यात पडले, परंतु त्यामागे एक वडील, एक शिक्षक आणि एक गाव उभे होते.

आता आपल्या गावाकडे वळू. मालवणला निसर्गाने जी व्यायामशाळा दिली आहे, ती कोणत्याही शहराला पैसे मोजूनही मिळणार नाही. चिवला, दांडी, वायरी, तारकर्ली येथे मैलोगणती वाळू पसरलेली आहे. ओल्या, घट्ट वाळूवर धावताना सांध्यांना डांबरी रस्त्याइतके हादरे बसत नाहीत. कोरड्या, मऊ वाळूवर नुसते चालले तरी पोटऱ्यांना दुप्पट कष्ट पडल्यासारखे वाटते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे शरीर तळ्यातल्यापेक्षा सहज तरंगते. पोहण्याने हात, पाय, पाठ आणि फुप्फुसे यांना एकाच वेळी व्यायाम घडतो आणि गुडघ्यांवर भार येत नाही.

चिवला किनाऱ्यावर भरणाऱ्या राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा अनेकांनी पाहिल्या असतील. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून, जेथे समुद्र नाही अशा जिल्ह्यांतूनही, जलतरणपटू येथे येतात. शाळकरी मुलांच्या पाठोपाठ पांढऱ्या केसांचे ज्येष्ठही पाण्यात उतरतात. तारकर्लीला २०१५ मध्ये पर्यटन विकास महामंडळाने सागरी क्रीडा व पाणबुडी प्रशिक्षणाची संस्था उभारली. बाहेरगावचे लोक ज्या पाण्यासाठी प्रवास करून येतात, त्या पाण्याशेजारी वाढलेल्या आपल्या मुलांपैकी किती जणांना पोहता येते? प्रत्येक घराने या प्रश्नाचे उत्तर स्वतःलाच द्यावे.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. १५ एप्रिल २०१७ रोजी बेळगावच्या एका महाविद्यालयातून सहलीला आलेल्या विद्यार्थ्यांपैकी आठ जण वायरीच्या समुद्रात बुडून मृत्यू पावले. सारे ऐन उमेदीतले तरुण होते. तारुण्याची ताकद पाण्यात पुरेशी ठरत नाही. पाण्याची ओळख असावी लागते.

लाटांनी किनाऱ्यावर ढकललेले पाणी परत जाताना एखाद्या अरुंद वाटेने वेगाने आत खेचले जाते. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, म्हणून नवख्याला नेमकी तीच जागा शांत आणि सुरक्षित वाटते. ओढीत सापडलेला माणूस सरळ किनाऱ्याकडे पोहू लागतो, दमतो आणि बुडतो. अशा वेळी घाबरून झुंजू नये. पाठीवर तरंगावे, हात वर करून मदत मागावी, किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर पडावे आणि मगच किनारा गाठावा. दुसरा कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी न घेता दोरी, रिकामा कॅन, तरंगणारी कोणतीही वस्तू त्याच्याकडे फेकावी. स्थानिक होडीवाल्यांना आणि जीवरक्षकांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये, एकट्याने पोहू नये, पावसाळ्यात तर समुद्राकडे पाठच करावी. एवढे शिक्षण प्रत्येक मुलामुलीला मिळाले तर ते व्यायामाइतकेच मोलाचे ठरेल.

पावसाळ्याचे चार महिने व्यायाम थांबण्याचे कारण नाही. घराच्या पडवीत बारा सूर्यनमस्कार, दोरीवरच्या उड्या, जोर आणि बैठका यांना सतरंजीएवढी जागा पुरते. कोकणातील दमट हवेत मात्र एक काळजी घ्यावी. येथे घाम लवकर वाळत नाही, म्हणून शरीर लवकर थंड होत नाही. मार्च ते मे या काळात सराव सकाळी लवकर उरकावा. लघवीचा रंग गडद होऊ लागला की पाणी कमी पडत आहे असे समजावे. उकळून गार केलेले पाणी पिणाऱ्या मुलांनी मैदानावर जाताना ते पुरेसे बरोबर न्यावे. बाहेरचे चालत नाही म्हणून तहानलेले राहू नये.

आता आहाराविषयी, कारण आपल्या घरांत या ठिकाणी पालकांच्या मनात शंका असते. शाकाहारी मुलाला खेळाडू होता येईल का? निश्चित येईल, परंतु ताट विचारपूर्वक वाढले पाहिजे. मूग, मटकी, चवळी, हरभरा, तूर यांपैकी काही ना काही दोन्ही जेवणांत असावे. डाळ-भात, भाकरी-उसळ ही जोडी आजी-पणजींनी घालून दिली, ती शास्त्रालाही मान्य आहे. कारण धान्यात जे प्रथिनघटक कमी असतात ते कडधान्यात मिळतात, आणि कडधान्यातील उणीव धान्य भरून काढते. दूध, दही, ताक आणि शेंगदाणे यांची त्याला जोड द्यावी.

दोन उणिवांकडे विशेष लक्ष हवे. पहिली लोहाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे दिसून आले. मुलगी लवकर दमते, अभ्यासात लक्ष लागत नाही, तेव्हा तिला आळशी म्हणण्यापूर्वी तिचे हिमोग्लोबिन तपासावे. पालेभाज्या व कडधान्यांसोबत लिंबू किंवा आवळा घेतल्यास लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास कमी. दुसरी उणीव ब-१२ जीवनसत्त्वाची. ते वनस्पतिजन्य अन्नात नसते, दूध-दह्यात असते. थकवा किंवा हातापायांना मुंग्या येत असतील तर वैद्यकीय सल्ल्याने तपासणी करावी.

चौविहार पाळणाऱ्या मुलांची अडचण निराळी आहे. सायंकाळचा सराव संपतो तेव्हा सूर्य मावळलेला असतो आणि मूल उपाशी झोपते. यावर उपाय आहे. शक्य असेल तेथे सराव सकाळी ठेवावा. सायंकाळीच ठेवणे भाग असेल, तर शाळा सुटल्यावर घरचे भरपूर जेवण द्यावे, मग थोडा अवकाश ठेवून मुलाला मैदानावर पाठवावे आणि सरावाची वेळ थोडी अलीकडे घ्यावी, अशी प्रशिक्षकांना विनंती करावी. पर्युषणात किंवा दीर्घ उपवासात जोराचा सराव आणि स्पर्धा टाळाव्यात, आणि प्रशिक्षकांना त्याची आगाऊ कल्पना द्यावी. वाढत्या वयातील मुलाने तपश्चर्या किती करावी हे घरातील ज्येष्ठांनी आणि डॉक्टरांनी मिळून ठरवावे. नियम आणि खेळ यांचे वैर नाही. नियोजनाचा अभाव मात्र दोघांनाही बाधतो. किंबहुना पहाटे उठणे, मोजके खाणे, व्यसनापासून दूर राहणे आणि ठरल्या वेळी ठरलेले करणे हे संस्कार ज्या घरात आहेत, त्या घरातील मुलाला खेळाडूची अर्धी शिस्त उपजतच मिळालेली असते.

तरुणांना एक सावधगिरीची सूचना. महिन्याभरात दंड फुगविण्याचे आश्वासन देणारी पावडर किंवा इंजेक्शने यांच्या मागे लागू नये. त्यांत कोणती द्रव्ये मिसळली आहेत हे डब्यावरून नेहमी कळतेच असे नाही. काहींनी यकृत व हृदय यांना इजा होते, आणि खेळाडूवर बंदीची कारवाईही होऊ शकते. झोप ही खरी शक्तिवर्धक आहे. १३ ते १८ वयात ८ ते १० तासांची झोप हवी. व्यायामाने स्नायूंवर ताण पडतो. त्यांची बांधणी होते ती विश्रांतीत.

पालकांना विनंती अशी की, दहावीचे वर्ष आले म्हणून मुलांचे मैदान बंद करू नये. रोजचा तासभर खेळ अभ्यासाचा वेळ खात नाही. उरलेल्या वेळेतील एकाग्रता तो वाढवितो. तसेच केवळ वाढीव क्रीडागुणांसाठी मुलाला खेळात ढकलू नये. परीक्षेचे गुण एका वर्षाचे असतात, कमावलेले शरीर आयुष्यभर सोबत करते.

सुवर्णमहोत्सव वर्षात संस्थेने तीन लहान संकल्प करावेत, असे सुचवावेसे वाटते. दर रविवारी सकाळी पालकांसह सर्वांनी किनाऱ्यावर तासभर चालावे वा धावावे. दहा वर्षांवरील प्रत्येक मुलामुलीला जाणकारांच्या देखरेखीखाली पोहणे शिकवावे. आणि वर्षातून एकदा सर्व विद्यार्थ्यांची उंची, वजन व रक्ततपासणी करावी. यासाठी मोठा निधी लागत नाही, सातत्य लागते.

समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे. १६६४ मध्ये त्याचा पाया घातला गेला, आणि तो पूर्ण होण्यास सुमारे तीन वर्षे लागली. रोज थोडे थोडे रचूनच तो तट उभा राहिला. शरीराचा तटही असाच रोज रचावा लागतो. तो रचण्याची बुद्धी आणि चिकाटी आपल्या मुलामुलींना लाभो, हीच या मंगलप्रसंगी सदिच्छा.

जय जिनेंद्र!