नावनोंदणीपूर्वी



राजाजीनगरातील महाविद्यालयात मानसशास्त्राला नाव घालणारा नवा विद्यार्थी बहुधा मन जाणण्याच्या ओढीने येतो. अभ्यासक्रमात संख्याशास्त्र दिसताच तो बिचकतो. सल्लागार प्राध्यापकाचे काम येथूनच सुरू होते.

या संख्याशास्त्राला इतिहास आहे. म्हैसूर विद्यापीठात १९२४ साली मानसशास्त्र विभाग उभारणारे डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी हे लंडनच्या चार्ल्स स्पिअरमन यांचे शिष्य. आणि बुद्धिमापनाला गणिताची बैठक दिली ती स्पिअरमन यांनीच. कर्नाटकात हे शास्त्र आकड्यांचे बोट धरूनच आले.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. केवळ पदवीच्या बळावर कोणी चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ होत नाही. त्यासाठी १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमान्वये मान्यताप्राप्त उच्च शिक्षण व नोंदणी लागते. हे तिसऱ्या वर्षी कळले, तर फार उशीर झालेला असतो.

शिवाय कर्नाटकाने २०२१ साली स्वीकारलेली चार वर्षांच्या पदवीची रचना २०२४ साली मागे घेतली. त्यामुळे थोरल्या भावंडाचा अनुभव धाकट्याला लागू पडेलच असे नाही.

सल्लागाराने विषय निवडून देऊ नयेत. कोणती वाट कोठे पोहोचते आणि कोठे थांबते, एवढे स्पष्ट सांगावे. पाऊल विद्यार्थ्याने टाकावयाचे असते.